उडालेलं धरलं का?

२ जून. हंगाम संपला की प्रयोगशाळेतल्या नमुन्याच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, पुसायच्या आणि कपाटात लावून ठेवायच्या. ते काम मी करत होते. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागल्या. पाकाची तार बघताना घासतात तसा. बोटांवर पाक नव्हता. काकी गप्प असल्या आणि बोटं चालू असली, की समजायचं, यांचं काहीतरी ठरलं आहे.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. काकी पाकाच्या खोलीत होत्या. डब्यात हापूसच्या फोडी भरल्या की वरून साखरेचा पाक ओततात. तो किती दाट हवा हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि तो तेवढाच दाट निघावा लागतो. माझ्याकडे ते मोजायचं यंत्र आहे. काकींकडे बोटं होती. मी नोकरीला लागल्यापासून दोघांत मोठा फरक पडला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा यंत्र दुरुस्तीला पाठवावं लागलं.

त्यांना सगळेच काकी म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेले टेम्पोवाले धरून. अंगाने बारीक, आवाज मात्र बॉयलरच्या वरचा. पाकाला उकळी आली की पाण्याची वाफ होते, पाणी कमी भरतं आणि पाक ठरल्यापेक्षा दाट होतो. म्हणून नव्या पोरींना त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "उडालेलं धरलं का?" पुढे पुढे हा प्रश्न त्या कशालाही लावायच्या. एकीने मुलीच्या साखरपुड्याला शंभर माणसं बोलावली, तर काकी म्हणाल्या, "शंभर बोलावलीस, उडालेली धरलीस का? जेवण ऐंशीचंच कर." ब्याऐंशी आली. दोन माणसं कमी सांगितली म्हणून काकी आठवडाभर स्वतःवर चिडलेल्या होत्या.

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल. त्याच्यावाचून काम चालत नाही, आणि कागदावर ते कुठेच नसतं. काकी बावीस हंगाम पाकाची खोली चालवत होत्या, पण हजेरीपटावर 'मदतनीस' होत्या. गेल्या डिसेंबरात नवे मॅनेजर आले आणि त्यांनी फळ्यावर सूचना लावली. प्रत्येक विभागाला यापुढे रीतसर प्रमुख असेल. प्रमुख पदवीधर हवा. आत्ता काम पाहणाऱ्यांना हंगाम संपेपर्यंत मुदत. पदवी आणली तर पद, नाही तर फोडी कापायच्या टेबलावर.

काकींनी ती सूचना दोनदा वाचली. मला म्हणाल्या, "माझी एकाच विषयाने राहिलीय गो, बाय."

मला हे ठाऊकच नव्हतं. मुक्त विद्यापीठातून त्यांनी पदवी करायला घेतली होती. सगळे पेपर सुटले, बीजगणित तेवढं उरलं. त्या पेपरच्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून सासूबाईंनी जाऊ दिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं; पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे होते.

आता तोच विषय ऑनलाइन होता. जानेवारीत मी त्यांचा अर्ज भरून दिला. मोबाइलवर तास बघायचे, दर पंधरवड्याला दहा प्रश्नांची चाचणी, त्यात निम्मे गुण मिळाले तरच पुढे जाता येतं. चाचणी द्यायची संधी दोनदा. शेवटी रत्नागिरीच्या केंद्रावर लेखी परीक्षा. मुंबईला असलेला नवरा फोनवर हसला. "आता काय बॅग अडकवून कॉलेजात जाणार?" काकी म्हणाल्या, "बॅग हाय. डबा तुम्ही भरून द्या."

घर त्यांचं जयगडच्या वाटेवरच्या एका वाडीत, खाली माडांमध्ये. तिथे मोबाइलला रेंज नाही. रेंज वर सड्यावर, उघड्या कातळावर. रविवारी दुपारी काकी छत्री, पाण्याची बाटली आणि वही घेऊन सड्यावर जायच्या, जांभ्याच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, मोबाइल टेकवायच्या आणि समीकरणं सोडवायच्या. इतर दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर. 'क्ष' त्यांना पहिल्या आठवड्यातच आवडला. "चांगला हाय. माहीत नाय तर माहीत नाय म्हणतो. साहेबलोकांसारखं नाय."

तीन चाचण्या सरळ गेल्या. चौथी अडली.

प्रश्न असा होता. वीस टक्के साखरेचा तीस किलो पाक आहे. त्यात साठ टक्के साखरेचा किती किलो पाक घालून, गरम करून एकत्र केल्यास चाळीस टक्क्यांचा पाक मिळेल? मी तोंडी उत्तर दिलं, तीस. मोबाइललाही तीसच हवं होतं. काकींनी लिहिलं, सव्वीस. पुढचे पाच प्रश्न याच उत्तरावर उभे होते, म्हणून त्यांना दहापैकी चारच मिळाले, आणि त्या थांबल्या.

"सव्वीस कुठून आणलेत?" मी विचारलं.

"गरम करणार ना? एवढ्या पाकातलं दोन किलो पाणी उडणार. मग दाट पाक कमी लागतो."

मी पेन्सिल घेऊन मांडून पाहिलं. एकूण छप्पन्न किलो, त्यातलं दोन किलो पाणी गेलं, उरले चोपन्न. साखर एकवीस किलो सहाशे ग्रॅम. बरोबर चाळीस टक्के. गणित चोख होतं, फक्त ते विचारलेलं नव्हतं.

मी सांगितलं, "काकी, एक संधी उरली आहे. तीस लिहा आणि सुटा."

"आणि पाणी?"

"पाणी गेलं खड्ड्यात. तुम्हाला पद हवंय की पाणी?"

त्यांनी माझी नोंदवही पुढे ओढली. "यंत्राने अडतीस दाखवलं, तर तू हिच्यात चाळीस लिहिशील?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

दुसऱ्या वेळीही त्यांनी सव्वीसच लिहिलं. पुन्हा चार. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बावीस वर्षांची खोली एका आकड्यापायी घालवणारं माणूस मला हट्टी वाटत नव्हतं, मूर्ख वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "रविवारी सड्यावर ये. सरांना विचारूया, मूर्ख कोण ते."

गेले. कातळ तव्यासारखा तापला होता. पुण्याकडचे एक तरुण सर पडद्यावर शिकवत होते, भोवती विद्यार्थ्यांचे लहान लहान चौकोन. शंका विचारायची वेळ आली तशी काकींनी आवाजाचं बटण दाबलं. सगळं सांगून झाल्यावर सर हसून म्हणाले, "काकू, ते 'गरम करून' नुसतं गोष्टीसाठी आहे हो. पाणी उडत नाही असं आपण समजून चालायचं."

"समजायला माझी ना नाय, सर. पण मग तसं लिहा. गोष्टीसाठी म्हणून पाणी उडायचं थांबत नाय."

पडद्याच्या खालच्या कडेला कुणा मुलाने लिहून पाठवलं, स्वयंपाकाचा तास आहे का हा? काकींनी चष्मा सारखा करून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "हो रे बाबा, स्वयंपाकच. तीनशे किलोचा. येतोस ढवळायला?"

कोणी हसलं नाही. मग सरच हसले, पण वेगळं हसले. त्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की काय काम करता?" काकींनी सांगितलं. पुढची दहा मिनिटं सर विचारत होते आणि काकी शिकवत होत्या: कढई रुंद असली तर किती उडतं, झाकण ठेवलं तर किती. मी छत्री धरून उभी होते. माझा हात भरून आला तरी मी छत्री हलवली नाही.

मंगळवारी प्रश्नात एक ओळ वाढली होती: पाण्याची वाफ होत नाही असे समजा. चाचणीही सगळ्यांसाठी पुन्हा खुली केली होती. काकींनी ती ओळ वाचली आणि लगेच तीस लिहिलं.

"आता लिहिलंत?" मी म्हटलं.

"आता खोटं नाय ना ते."

मे महिन्यात, हंगाम ऐन भरात असताना, एक दिवसाची रजा काढून त्यांनी लेखी परीक्षा दिली. या वेळी पाहुण्यांना त्यांनी आधीच कळवून टाकलं होतं, यायचं तर जेवण करून या. महिनाअखेरीस निकाल लागला. पास. मी छापून दिलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला, वाचला, आणि म्हणाल्या, "शाई पुसट हाय, दुसरा काढ." मी दुसरा काढला.

तोच कागद घेऊन त्या दोन जूनला मॅनेजरच्या खोलीत गेल्या होत्या, आणि तिथूनच माझ्या दारात आल्या होत्या. मी बाटली खाली ठेवली.

"काय म्हणाले?"

"अभिनंदन म्हणाले. चहा मागवला."

"आणि?"

"पाकाच्या खोलीला बाहेरून माणूस घेतलाय म्हणाले. मार्चातच घेतलाय. मी त्याला शिकवायचं." त्यांची बोटं थांबली. "मी विचारलं, साहेब, शिकवायला मी चालते, तर करायला का नाय चालत? म्हणाले, चहा थंड होतोय. चहा चांगला होता."

मी विचारलं ते कामाचं, "आता काय करणार?"

"दापोलीला बायकांनी नवा कारखाना काढलाय. मागे दोनदा बोलावलं होतं. पाकाला माणूस हवाय त्यांना." त्यांनी एप्रन काढला, घडी घातली. "साडेबाराची गाडी हाय. आज बघून येते, आवडलं तर राहते."

"निदान महिना भरा की, काकी."

"बावीस हंगाम भरले, बाय."

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. कापायच्या टेबलावरच्या पोरी हात पुसत बाहेर आल्या. रडायला लागलेल्या एकीला काकी म्हणाल्या, "रडतेस काय? दापोलीला एसटी जाते." पावसाचे ढग आले होते. छत्री न उघडता त्या रस्त्याच्या कडेने भरभर चालत गेल्या. पिशवीतून निकालाचा कागद वर डोकावत होता. त्यांनी तो आत सारला नाही.

रात्री काकींचा फोन आला, राहते म्हणून; कारखान्यातही त्यांनीच कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनी मला बोलावलं. काकींच्या नोकरी सोडण्याचा कागद तयार होता. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. कारणाच्या रकान्यात छापलेलं होतं, घरगुती अडचण.

मी उभ्या उभ्याच पेन काढलं. त्या दोन शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं: पदवी आणल्यास पद देऊ असे कळवले होते. पदवी आणली. पद दिले नाही. खाली सही केली, नाव लिहिलं, तारीख घातली.

मॅनेजरनी वाचलं. "मॅडम, हा कागद वर मालकांकडे जायचा आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं, "म्हणूनच नाव पूर्ण लिहिलं आहे."