मामाजींची छत्री आणि ठमीची झोळी

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी छत्रीने मोजली नाही अशी वस्तू मोर्शी तालुक्यात उरलेली नाही. संत्र्याच्या दोन झाडांतलं अंतर ते फुटांत सांगत नाहीत. सहा छत्र्या आणि एक वीत, असं सांगतात. छत्री काळी, लाकडी मुठीची. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ते तिला शर्टाखाली धरून पळतात, कारण भिजली तर माप बदलेल अशी त्यांना शंका आहे. वर्षाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला ते अकोल्याला आमच्या घरी आले तेव्हा चहा येण्याआधीच उठले आणि छत्री लावून आमच्या दाराची उंची मोजू लागले. वडिलांना वाटलं, दारात काही दोष निघाला. छत्री घेऊन ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "पोरीले आमच्या घरात वाकून यावं लागन. दार वाढवतो." सोयरीक अजून ठरायची होती. ती ठरली, आणि लग्नाआधी मोर्शीच्या घराचं दार खरोखरच एक वीत वाढलं.

वर्षा त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वर्षाला मुलगी झाली. कागदोपत्री तिचं नाव शरयू आहे, पण मामाजींनी पहिल्याच दिवशी तिला ठमी केलं. ठमी नऊ महिन्यांची असताना घरात नागपूरकडच्या एका मोठ्या अम्युझमेंट पार्कात सहलीला जायचं ठरलं. वर्षा लहानपणी अकोल्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात सगळ्यांच्या आधी चढायची आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायची. पण ठमी फक्त झोळीत झोपत असे, नाहीतर आईच्या अंगावर. त्यामुळे नऊ महिन्यांत वर्षाचे दोन्ही हात एकदम मोकळे झालेले कोणी पाहिले नव्हते. पार्कातल्या मोठ्या झुल्याचा व्हिडिओ ती फोनवर पाहायची आणि कोणी आलं की बंद करायची. वर्षाने घरीच थांबावं, हे तिच्या सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "लेकरू घेऊन तिथं बाकावरच बसाचं, तं घरचा बाक काय वाईट?" बाकीच्यांनाही ते पटलं. मामाजी सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "वर्षा येईन बी अन् झुल्यात बसन बी."

पुढच्या मंगळवारी ते पहिल्या एसटीने एकटेच निघाले आणि दिवस मावळल्यावर परतले. विचारल्यावर कळलं की ते पार्कात जाऊन आले. तिकीट काढून, पांढरा सदरा आणि टोपी घालून, हा सत्तरीला आलेला संत्रा बागायतदार दिवसभर एकटा पार्कात फिरत होता. कोणतं झाड कुठे आहे आणि त्याची सावली किती वाजता कुठवर जाते, हे त्याने संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून आणलं होतं. सूनबाई ज्यात बसणार त्यात आपण आधी बसलं पाहिजे, म्हणून ते मोठ्या झुल्यातही बसून आले. तिथे छत्री काढून घेतली, याबद्दल त्यांची तक्रार होती. बाकी अहवाल एका वाक्याचा होता. "पोटातला चहा मानेत येते, पण पट्टा पक्का आहे."

ठरल्या दिवशी मी राहतो त्या अमरावतीहून येऊन त्यांच्यासोबत गेलो, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे. सिमेंटच्या डायनासोरमागे एक कडुलिंब होता. मामाजींनी पुठ्ठा पाहिला, घड्याळ पाहिलं, पिशवीतून सासूबाईंचं जुनं सुती लुगडं आणि दोर काढला आणि खालच्या फांदीला झोळी बांधली. शेतात तण निंदायला येणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी ते आयुष्यभर बांधत आले आहेत, तशीच. ठमी पाच मिनिटांत झोपली. वर्षा नवऱ्यासोबत मोठ्या झुल्याच्या रांगेत गेली. जाताना तीनदा मागे वळून पाहिलं.

सुरक्षारक्षक आला. पार्कात खासगी झुला बांधायला परवानगी नाही, असं त्याने सांगितलं. मामाजींनी हुज्जत घातली नाही. त्यांनी दोराला हात लावला आणि म्हणाले, "बराबर आहे तुमचं. झोपलेलं लेकरू तुमी उचला, मी दोर सोडतो." रक्षकाने झोळीत पाहिलं आणि तो वरिष्ठ बाईंना बोलवायला गेला. बाई आल्या, त्यांनीही झोळीत पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, किती वेळ? मामाजी म्हणाले, सावली आहे तोवर. आणि सावली तीनपर्यंत आहे, हे त्यांनी छत्रीने दाखवून दिलं. बाईंनी तीनपर्यंत मुभा दिली.

तेवढ्यात दुसरी एक आई किरकिरणारं मूल घेऊन येऊन उभी राहिली. मग तिसरी आली. मामाजींनी पिशवीतून दुसरं लुगडं काढलं आणि पलीकडच्या फांदीला आणखी एक झोळी बांधली. ती दुपारभर रिकामी राहिली नाही. सहा वर्षांचा एक मुलगा मलाही बसायचं म्हणून हटून बसला, तेव्हा मामाजींनी छत्री जमिनीवर उभी धरली. "मुठीच्या वर डोकं गेलं की भरती बंद. त्याईच्या झुल्याले उंच लागते, माह्या झुल्याले बुटकं लागते." मुलाने उभं राहून पाहिलं आणि निमूट गेला. वर्षाच्या येण्याला विरोध केलेल्या सासूबाई तोवर एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरी झोळी हलवत होत्या आणि प्रत्येक आईला तिचं गाव विचारत होत्या.

मोठ्या झुल्यावरून एक लांबलचक किंकाळी आली. बाकीच्या किंकाळ्यांत ती मला वेगळी कळली नाही. मामाजींना कळली. झोळीसाठी थांबलेल्या बायांना ते म्हणाले, "ते वरडून राहिली नं, ते आपली सून." वर्षा केस सुटलेल्या अवस्थेत धावत आली आणि झोळीत डोकावली. मामाजींनी दोर हलवता हलवता सांगितलं, "झोपून आहे. जाय, आणखी एक चक्कर मार." ती गेली. त्या दिवशी ती तीनदा बसली.

याला दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मी मोर्शीला गेलो, तेव्हा पुन्हा त्याच पार्कात जायची तयारी चालू होती. भिंतीला टेकवलेल्या छत्रीशेजारी ठमी स्वतःहून जाऊन उभी राहिली. मामाजींनी वाकून पाहिलं. मग तिचे केस तळहाताने दाबून पुन्हा पाहिलं.

"बोटभर वर गेली," ते म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, मग पिशवीतलं लुगडं काढून ठेवा.

"राहू दे. तिथं कोनाचं ना कोनाचं लेकरू असनच." त्यांचा तळहात अजून ठमीच्या डोक्यावरच होता.