शत्रूची फाईल

अंतराळयुद्धाच्या गेममध्ये कॉम्प्युटरने समोरच्या माणसाशी किती हुशारीने लढायचं, हे ठरवायचा मला पगार मिळतो. सोपं, मध्यम, अवघड अशा पातळ्या मी बनवते. बाबांच्या लेखी ही नोकरीच नव्हे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले ते. कुणी विचारलं, "मुलगी काय करते?" की म्हणायचे, "आहे कुठेतरी," आणि पाहुण्यापुढे पोह्यांची बशी सरकवायचे. फार लागायचं मला ते.

सोपी पातळी तपासायला अगदी नवखा माणूस हवा होता. म्हटलं, घरातच आहे की! बाबांनी बुधवार पेठेत जाऊन स्वतःचा माऊस आणला, माझ्या माऊसवर विश्वास नाही म्हणून, आणि बसले खेळायला. तिसऱ्या दिवशी जिंकले. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी चष्मा काढला.

"त्याची चाळीस जहाजं माझ्या दारापर्यंत आली आणि चहासुद्धा न घेता परत गेली. मुद्दाम हरतोय तो."

"अहो बाबा, सोपी पातळी आहे ती!"

"म्हणजे मला कच्चं लिंबू केलंस?"

धाकट्या पोरांना खेळात घ्यायचं पण आऊट धरायचं नाही, ते कच्चं लिंबू. सत्तरीत हा मान मिळाल्यावर बाबांनी दोन दिवस अबोला धरला. आईमार्फत निरोप यायचे: "तिला म्हणावं, हरायचं तर नीट हरायला शिकव त्याला."

शेवटी मीच हात टेकले. "मग तुम्हीच सांगा ना, कसा हरायला हवा!"

बाबा सावरून बसले. "अगं, शत्रू हुशारच असतो. त्याची कचेरी मार खाते. हल्ल्याची फाईल आधी खालच्या टेबलावर, मग वरच्या, मग शेरा मारून पुन्हा खाली. तोवर समोरचा तयार होतो."

मी मुकाट्याने तसंच लिहिलं. आता सोप्या पातळीवर शत्रूचा प्रत्येक हल्ला तीन ग्रहांच्या मंजुरीने निघतो, आणि त्यातला एक ग्रह हमखास रजेवर असतो. बाबा दोनदा हरले, तिसऱ्यांदा कसेबसे जिंकले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "हा खरा!" ऑफिसातही ते एका झटक्यात पास झालं.

रविवारी मोठी आत्या आली. "हिची नोकरी नक्की कसली रे?"

मी आपली पोह्यांच्या बशीकडे बघत बसले. बशी जागची हलली नाही.

"माझ्या हाताखाली आहे," बाबा म्हणाले. "बरं करते काम."