एका भाकरीची दोन वजनं

दिवाळीच्या आसपास अकोल्याच्या हवेत कापूस तरंगू लागे. बाजारात दाटीने उभ्या राहिलेल्या बैलगाड्यांतून सुटलेले ते शुभ्र, चुकार तंतू पापण्यांवर येऊन बसत, वेणीत अडकत, आणि सरकीचा कोवळा तेलकट वास साऱ्या गल्लीला वेढून राही. किती सुंदर दिवस होते ते! शेर-मण नुकतेच मागे पडले होते, किलोची नवी कोरी वजनं आली होती, आणि मी सतरा वर्षांची, विज्ञान शिकायला कॉलेजात जाणारी आमच्या गल्लीतली पहिलीच मुलगी होते.

माझे बाबा त्या बाजारात मापारी होते. शेतकऱ्याचा कापूस काट्यावर चढवायचा आणि खणखणीत आवाजात वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. न्याय हा शब्द त्यांच्या ओठी फार. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले त्या दिवसापासून त्यांनी घरात एक नियम घातला होता: पुरुष आधी आणि बाई उरलंसुरलं, असं यापुढे चालायचं नाही. मायनं त्यांच्या शेजारी बसायचं आणि तेच, तेवढंच जेवायचं. आसपासच्या किती घरांत तेव्हा हे सुख होतं?

पण पुढे दोघांचीही शरीरं सुटली. बाबांच्या लघवीत साखर निघाली. मायचे गुडघे कुरकुरू लागले, चार पावलांत तिला धाप लागू लागली. अकोल्यातल्या डॉक्टरांनी दोघांना एकच कागद लिहून दिला: वेळेला अर्धी ज्वारीची भाकर, पातळ वरण, बिनतेलाची भाजी, गूळ बंद, संध्याकाळी फिरणं. "वजन उतरलं नाही तर बाईंच्या हृदयाचं काही खरं नाही," असंही ते जाता जाता बोलून गेले.

दर रविवारी, बाजार रिकामा असताना, बाबा आम्हाला काट्यापाशी नेत. दीड महिन्यात त्यांचं स्वतःचं वजन सात किलोंनी उतरलं! सदऱ्यात वारा शिरू लागला, चालीत तारुण्य आलं. आणि माय? दीड किलो. पहिल्यांदा बाबा हसले. मग काटा दोनदा तपासू लागले. एका रविवारी घरी येताच त्यांनी विचारलं, "खरं सांग, तू चोरून खाऊन राहिली का?"

माय लुगड्याची घडी घालत होती, ती अर्धीच राहिली. "रोज सकाळी आपण शील म्हणतो, चोरी करणार नाही म्हून. अन् मले चोर म्हणता? माह्याच घरात?"

"काटा खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले, आणि गुळाच्या, शेंगदाण्याच्या डब्यांच्या फडताळाला कुलूप लावून त्यांनी किल्ली खिशात घातली.

त्या कुलपाचा आवाज मला आजही ऐकू येतो. माय भांडली नाही. तिनं अर्ध्या भाकरीची पाव केली. आणि आठवड्याभरात एका सकाळी चूल पेटवता पेटवता ती कलंडली. पदर निखाऱ्यांपासून वीतभर अंतरावर होता! मी तिला ओढून बाजूला घेतलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडताच ती पुटपुटली, "आता तरी उतरलं असंन का वं वजन?"

माझ्या मनात संताप उसळला, आणि त्या संतापाच्या पोटातूनच एक विलक्षण कल्पना जन्मली. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवत होते ना, की शंका आली तर मोजा? मग मोजू या! कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मी छोटी तागडी मागून आणली. मायला पुन्हा अर्ध्या भाकरीवर आणलं. कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. मी सावलीसारखी तिच्या मागे राहिले. भाकर, वरण, भाजी, दोन्ही ताटांतला कण न् कण तोलून वहीत मांडत गेले. बाबा म्हणाले, "मोज. दूध का दूध होऊन जाऊ दे."

महिनाअखेर पुन्हा काटा. बाबा तीन किलोंनी उतरले, माय जेमतेम अर्ध्या. आणि मी आनंदानं ओरडलेच! मायचं वजन फारसं घटलं नाही याचा हर्ष झालेली मी जगातली एकमेव लेक असेन! अन्न तेच, तेवढंच, माझ्या डोळ्यांदेखत. तरी दोन देहांनी त्याचे दोन निराळे हिशेब केले होते. माझी माय खोटी नव्हती!

बाबा वहीकडे बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं एसटीनं अमरावतीला, एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वही पानन् पान वाचली. मायचा रक्तदाब घेतला, अकोल्याच्या जुन्या कागदावरचा आकडा पाहिला, रक्तदाब पुन्हा घेतला.

"मुली, फार मोलाचं काम केलंस," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे चमकत होते.

"पण बाई," बाबांनी विचारलं, "भाकर एक, काटा एक. मंग फरक कावून?"

"कारण शरीर एक नाही. पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त. तो नुसता बसला तरी त्याची भट्टी अधिक जळण खाते. बाईचं शरीर लेकरांसाठी चरबी राखून ठेवतं, आणि पाळी जायच्या वयात तर ती सोडायला नाखूषच असतं. तुमची पोटावरची चरबी लवकर गेली. यांची हळू जाईल. पण बघा, रक्तदाब उतरलाय, धाप कमी झालीय. काट्याला हे दिसत नाही. यांना उपाशी ठेवू नका. डाळ वाढवा, काम करू द्या, वेळ द्या."

केवढा प्रकाश पडला त्या खोलीत! समान ताट हा बाबांचा न्याय खराच होता. चूक एवढीच, की समान ताटातून त्यांनी समान देह मागितला होता.

बसस्टँडवर बाबांनी संत्री घेतली, एक सोलून मायच्या हातात ठेवलं आणि खिशातली किल्ली त्यावर ठेवली. "चुकलो मी."

"चुकले ते दिसलंच," माय म्हणाली. "पण कुलूप कावून लावलं, ते सांगा."

बाबा संत्र्याची सालं गोळा करू लागले. मग मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टर हृदयाचं बोलला. मी भ्यालो. तू गेली तर मी कोनासंगं जेवू?"

माय पुढल्या वर्षभरात सावकाश, तिच्या देहाच्या चालीनं उतरली. दर्यापूरजवळच्या माहेरी जाताना एसटीतून उतरून दोन कोस चालत गेली आणि एकदाही थांबली नाही. पण मला वाटतं, ती बरी झाली ती त्या बसस्टँडवर. बाबांचं बोलणं ऐकून तिनं संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, दुसरी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "मंग असं बोलाचं ना आधी. भ्याले म्हून सांगतलं असतं, तं मी किल्ली स्वतःच देली असती."