कोकोची सोयरीक

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जात असतील, पण रायपुरात, चौबे कॉलोनीत, त्या माझ्या मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, चिमट्यानं बांधल्या जायच्या. लग्नं अर्थात कोकोच्या फुलांची. कधीतरी केरळात फिरायला गेलेले काका येताना कोकोची, म्हणजे चॉकलेटच्या झाडाची, दोन रोपं घेऊन आले. राज्य नवं, राजधानी नवी, तर झाडाची जातही नवी पाहिजे, रायपूरच्या उन्हाला पुरून उरणारी, असं त्यांच्या मनानं घेतलं. अंगणातलं झाड फुलांनी लगडायचं, पण वैशाखात मान टाकायचं. भनपुरीला मित्राच्या गोदामामागे लावलेलं मात्र भर उन्हातही हिरवंगार. या दोघांची सोयरीक जमवायची होती. "स्वतःचा पराग त्याले चालत नाही," काका कौतुकानं सांगायचे. "सगोत्र नको म्हणते. आपल्याहून कट्टर आहे."

कोकोची फुलं थेट खोडालाच फुटतात, बोटाच्या पेराएवढीही नाहीत. काका पहाटे स्कूटरवरून भनपुरीची फुलं डब्यात आणत, चष्म्यावर चष्मा चढवत, त्यांचा पराग अंगणातल्या फुलांना लावत आणि कीडमुंगी शिरू नये म्हणून वर कागदी टोपी कणकेनं चिकटवत. त्या वेळी जवळ उभं राहून शिंकणाऱ्याला चहा मिळत नसे. पराग लागलेलं फूल तिसऱ्या दिवशी टिकलं, तर फळ धरलं. चार वर्षांत एकही टिकलं नव्हतं.

मग गोदाम वाढवायला मित्रानं भनपुरीचं झाड तोडायला काढलं. काकांनी शेवटची फुलं आणून नऊ टोप्या घातल्या. "यंदा नाही तर कधीच नाही," मला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती. नाक्यावरचा वड रस्ता रुंद करताना गेलेला. काका दूध आणायला गेले असताना मावशीनं कोकोचं खोड ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं, हळदकुंकू लावलं आणि सूत गुंडाळलं. काका आणि मी एकदमच फाटकातून आत आलो. खोडावर एक फूल उरलं नव्हतं.

"अहो, त्या टोप्या निघाल्या," मावशी म्हणाली. "काढायच्या होत्या ना?"

"हव. आजच काढायच्या होत्या," काका म्हणाले. "बरं केलं."

ती आत गेल्यावर ते पायरीवर बसले. सुताकडे बोट दाखवलं. "तिनं सात जन्म मागितले," म्हणाले. "मले एक कोको पाहिजे होता. तिले सांगू नको."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. झाड अजून फुलतं, फुलं दोन दिवसांत गळतात, मावशी ती झाडून काढते. "किती केलं त्यांनी या झाडाचं," परवा म्हणाली, "पण हाताले यशच नव्हतं."

मी म्हटलं, खरंच नव्हतं. त्या माणसाची मला फार आठवण येते.