अक्कांची बटणं

अक्कांची बटणं मी पुसली. चुकून नव्हे, ठरवून. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही त्याच नजरेनं वाचाल.

हुमनाबादला तहसीलजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अक्का दुबलगुंडीहून सकाळच्या बसनं कामाला यायच्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. बोटं बसली होती उदगीरच्या क्लासात, जुन्या टाइपरायटरवर. पुढे कितीही कॉम्प्युटर आले तरी त्या बोटांनी जागा सोडली नाही. नवं मशीन आलं की पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणायच्या, "थांब अण्णा, आधी बटणं जागेवर बसवू दे." मग एकेका बटणाला आपलं अक्षर नेमून द्यायच्या. बटणावर काहीही छापलेलं असो, दाबलं की क्लासातलंच अक्षर उमटायचं. मशीन तीन, मांडणी एक.

टाइप करताना त्या ना बटणांकडे बघत, ना पडद्याकडे. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. जनवाड्याचे एक अप्पा अवघडून म्हणाले, "अक्का, माझ्याकडं कामून बघायलाव? मी काय चोरी केलो व्हय?"

"बांध किती सरकवलाव ते तोंडावर दिसायलंय, अप्पा. खरं सांगा, तसंच टाइप करते."

दुकान हसलं. अप्पांनी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, या खेपेला बांध दोन फूट मागं घेऊन.

कागद छापला की तो गिऱ्हाइकाच्या हातात. "वाच बाबा, मोठ्यानं." ज्याला वाचता येत नसे, त्याचा मी वाचायचो. ही त्यांची शिस्त, असं आम्ही समजत होतो. तुम्हीही तेच समजला असता.

माझं दुखणं निराळं होतं. माझ्याच दुकानात मला धड एक ओळ टाइप करता येत नव्हती. बटणावर एक अक्षर, पडद्यावर दुसरंच. त्यात लोक दारातूनच विचारायचे, "अक्का हाईत का?" मालक समोर बसलेला असायचा. एका रविवारी मी अक्कांनी नेमलेली अक्षरं पुसून तिन्ही मशीन पहिल्यासारखी करून टाकली. अक्का एकदा तरी अडाव्यात, त्यांनी मला विचारावं, एवढंच हवं होतं.

सोमवारी ठाणाकुशनूरची एक बाई वारसाच्या अर्जासाठी आली. नवरा जाऊन महिना झालेला. अक्कांनी तिच्याकडे बघत पानभर टाइप केलं, छापलं, तिच्या हातात दिलं. "वाच बाई, मोठ्यानं."

बाईनं कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "काय वाचू, अक्का? ह्यात माझ्या मालकाचं नावच न्हाई."

अक्का दुसऱ्या मशीनवर बसल्या, मग तिसऱ्या. तिथंही तेच. शेवटी त्यांनी कागद नाकाला लावला. दुकानात सात-आठ माणसं होती. मी म्हणालो, "दिसत नसंल तर घरी बसावं, अक्का. लोकांची कामं कामून बिघडवायलाव?"

"व्हय अण्णा," त्या शांतपणे म्हणाल्या, "वरीस झालं, अक्षर दिसत न्हाई."

तेव्हा कुठे मला ते मोठ्यानं वाचायला लावणं कळलं. आणि हेही कळलं, की पुसलेली बटणं परत बसवायला डोळे लागतात. त्यांनी पिशवी घेतली आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

तीन आठवडे गेले. मग दुबलगुंडीला गेलो. अक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या, न बघता.

"बटणं मी पुसलो, अक्का. मुद्दाम."

"ठाऊक हाय. एक मशीन बिघडतंय. तिन्ही एकदम कशी बिघडतील? त्या बाईचा अर्ज?"

"त्याच दिवशी मी करून दिलो."

"चुका किती?"

"चार."

त्या खळखळून हसल्या. मला धीर आला. "परत चला. तुम्ही सांगा, मी एकेक बटण बसवतो."

"न्हाई रे. झालं तेवढं बास. आन् मला कामून सांगायलास? ज्यांच्या म्होरं बोललास, त्यांना सांग जा."

पुढच्या सोमवारी दुकान भरल्यावर मी उभा राहिलो. त्या दिवशीचे तिघे-चौघे होतेच. म्हणालो, "अक्कांनी कागद बिघडवला न्हाई. त्यांची बटणं मी पुसलो होतो. तुम्ही मला सोडून त्यांना विचारायलाव, ते मला सोसलं न्हाई. वर तुमच्याच म्होरं त्यांचा अपमान केलो. चूक माझी हाय. मी अक्कांची माफी मागतो."