गाईसमोर चावलेली काडी

तंजावूरकडच्या ओरत्तनाडूजवळ आमच्या गावात मराठी कळणारे दोनच जीव उरले होते. एक मी, दुसरी आमची गाय. गाय बायकोची. वासरापासून तिनेच वाढवलेली, आणि तिच्याशी ती बोलायची ते घरच्या भाषेतच. मग बायको गेली. मुलगी बंगळुरूला कम्प्युटरच्या नोकरीत. मराठी तिला कळते, पण फोनवर बोलते तमिळ. "अप्पा, गाय विका नि इकडे या." मी म्हटलं, गाय घरातून जाणार नाही. हा निश्चय मोडायला बाहेरच्या कुणाची गरज पडली नाही, मी समर्थ होतो.

त्या वर्षी आमच्या भागात भातकापणीचं मशीन नवं नवं आलं होतं. तंजावूरच्या कचेरीत जन्मभर फायली सरकवणाऱ्या मला ते फारच आवडलं. सकाळी उभं भात, दुपारी भरलेली पोती! गावात ते बोलावणारा मी पहिला. बांधावर असा उभा होतो, जणू मशीन मीच बनवलंय. शेजारच्या अक्का, बायकोची मैत्रीण, बघायला आल्या. कचेरीतला म्हणून मला त्या 'सार' म्हणतात, म्हणजे सर.

"सार, भात पोत्यात गेलं. वैकोल कुठाय?"

वैकोल म्हणजे भाताचा पेंढा, गाईचं वर्षभराचं जेवण. विळ्याने कापलं, झोडपलं, की त्याची अंगणात गंजी रचतात. मशीनने तो चुरगाळून शेतभर फेकला होता.

"उद्या गोळा करू," मी म्हटलं.

"बरं. नाहीतर मशीनवाल्याला विचारा, गाईला डिझेल चालतं का."

संध्याकाळी अवेळी पाऊस लागला, तो तीन दिवस. पेंढा गोळा केला तेव्हा काळा पडला होता, कुबट वास मारत होता. गाय हुंगायची आणि मान फिरवायची. मी मिठाचं पाणी शिंपडलं, गूळ चोळला. शेवटी तिच्यासमोर उकिडवा बसून एक काडी स्वतः चावली आणि म्हणालो, "वा! काय गोड!" तिने माझ्याकडे पाहिलं. आमचे साहेब माझ्या टिपणांकडे अगदी तसंच बघतात.

कुंपणापलीकडून अक्का ओरडल्या, "आधी थुंका! बुरशी आलीय. स्वतः जाल नि तिलाही न्याल!"

मग त्यांनीच तोड काढली. काळा पेंढा त्यांच्या वांग्यांच्या बुडाशी पसरायचा, म्हणजे उन्हाळ्यात कालव्याचं पाणी बंद झाल्यावरही माती ओली राहील. आणि त्यांची गंजी मोठी, तेव्हा पुढच्या कापणीपर्यंत गाय त्यांच्याकडे. मी दोर धरून तिला नेली. वीस पावलं. परतलो तरी मूठ मिटलेलीच होती.

उन्हाळ्यात अक्कांची वांगी तरारली. माझी यशस्वी झालेली शेती तेवढीच.

पुढच्या हंगामात विळ्याने कापून घेतलं. गंजी मी रचली, म्हणून ती एका बाजूला कललेली. मग गाय आणायला गेलो. बायको म्हणायची तसं म्हटलं, "ये गं बये." तिने कान हलवले. तेवढ्यात मागच्या दारातून अक्कांनी तमिळमध्ये हाक दिली आणि गाय तिकडे चालू लागली.

ओशाळल्या अक्काच. "न्या हो, सार. तुमचीच आहे."

"राहू दे," मी म्हटलं.

आता रोज सकाळी, कचेरीच्या बसआधी, माझ्या गंजीतली एक पेंढी उपसून तिकडे नेतो. ती खाते तोवर बोलतो. मुलीचा फोन आला, बस चुकली, सांबार खारट झालं, असलंच काहीतरी. खाणं संपलं की ती पाठ फिरवते. अलीकडे मी पेंढी जरा मोठी उपसतो.