लाभ, एरडु, मूरु

घरात काही बिघडलं की ते माझ्या हाती लागू नये म्हणून आमच्याकडं आधी धावपळ होते. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची अखेरची सेवा माझ्याच हातून झाली. जन्मभर मास्तरकी केली की न येणारी गोष्टही ठणकावून करायची खोड लागते.

वडिलांच्या, अप्पांच्या, पहिल्या पुण्यस्मरणाला माझी थोरली बहीण अक्का अणदूरहून आमच्याकडं नळदुर्गला आली, ती पिशवीत हार्ड डिस्क घेऊन. तिच्या मुलानं मोबाइलवर काढलेले घरचे सगळे व्हिडिओ त्यात होते. आमच्या आईला, अव्वाला, त्यातला एकच हवा होता. ओसरीवर बसून अप्पा उडीद मोजतायत. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही सगळ्यांचीच रीत. पण अप्पांचं पुढचं सगळं कानडीत, भुसार दुकानात मुरलेल्या ठेक्यात : ‘लाभ, एरडु, मूरु, नाल्कु...’ भाच्याचा मोबाइल मागंच फुटला होता. अप्पांचा तो आवाज आता या डबीतच उरला होता.

‘त्येंचं मोजणं लाव की एकदा,’ अव्वा म्हणाली.

मी वायर लावली. जाईना.

‘उलटी हाय का बघ,’ अक्का म्हणाली.

गल्लीत पहिला कॉम्प्युटर मी आणला, आणि ही मला शिकवणार. मी जोर केला. आत काहीतरी करकरलं आणि पिन एकदाची शिरली. उलटीच होती.

मग सरळ लावली, तर दिवा लागेना. वायर बदलली, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावून पाहिली, शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला. शेवटी कळलं, डिस्कचं सॉकेटच डुगडुगतंय. वायर जरा उचलून धरली की दिवा लागायचा, सोडली की विझायचा. हलणाऱ्या खाटेला घालतात तशी मी खाली आगकाडीची पाचर घातली. दिवा टिकला आणि व्हिडिओंची रांग पडद्यावर आली.

‘आधी अप्पांचं कॉम्प्युटरवर उतरवून घे,’ असं बजावून अक्का अव्वाला बोलवायला आत गेली.

अप्पांच्या व्हिडिओच्या वरच माझ्या निरोप समारंभाचं भाषण होतं. म्हटलं, दिवा आहे तोवर मोठी फाइल उरकावी, उडीद काय, चिमूटभर. हे मनाला दिलेलं कारण. खरं म्हणजे ते भाषण, माझ्या मते, चांगलं झालं होतं.

‘लावलं का?’ अक्कानं बाहेर येऊन विचारलं.

‘सगळंच चालू हाय,’ मी म्हणालो.

अव्वा पदराला हात पुसत समोर बसली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. भाषण उतरलं. आता अप्पा. मला वाटलं, काडी जराशी आणखी आत सारावी, ऐन वेळी निसटायला नको. सारली. डिस्क टेबलाच्या कडेला आलीय हे ध्यानात आलं ते ती फरशीवर पडल्यावर.

उचलून पुन्हा लावली, तर आतून नुसतं टकटक.

‘काका, सॉकेटचं काय न्हाय, नवं बसवून दिलं असतं,’ सोलापूरचा दुकानदार म्हणाला. ‘चालू असताना पाडलीत. आतली तबकडी घासली.’ त्यानं ती पुण्याला पाठवून पाहिली. तिथूनही तशीच परत आली. अक्काला फोनवर सांगितलं.

‘तुझं भाषण तरी आलं ना?’ ती म्हणाली.

आलं. अगदी स्वच्छ आलं. अप्पांचा उडीद त्या दिवशी किती मापं भरला, ते मात्र मला सांगता येत नाही. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत कधी पाहिलाच नव्हता. म्हटलं, मोजणं काय, रोजचंच.

पुढं एकदा अव्वानं विचारलं, ‘तुझ्या त्या समारंभाला हे आले हुते न्हवं?’

आले होते, पहिल्या रांगेत. पण कॅमेरा सगळा वेळ माझ्यावर, अप्पा कुठंच दिसत नाहीत. तरी ती ऐकायला बसली. मी ज्ञानदीपाविषयी बोलत असताना खाली कुणीतरी खोकतं. अव्वानं हात वर केला.

‘मागं घे.’

आता दुपारची भांडी आवरली की ती कधीकधी येऊन बसते. ‘ते खोकल्याचं लाव,’ म्हणते. मी नेमकं तिथंच आणून ठेवतो. अप्पा खोकतात. माझा ज्ञानदीप पुन्हा तेवायला लागतो.

‘हां. आता तुझं बंद कर,’ अव्वा म्हणते.